विश्लेषण : फुटबॉलचा चाहता गेल्यावर मैदान शोक कसा पाळते?

फुटबॉलच्या सामन्याआधी दोन्ही संघ मध्यरेषेच्या वर्तुळाभोवती उभे राहतात, पंच शिट्टी वाजवतात आणि हजारोंचे स्टेडियम मिनिटभर गप्प होते. हे मौन दर वेळी एखाद्या महान खेळाडूसाठीच असते असे नाही. कित्येकदा ते अशा माणसासाठी असते, ज्याने आयुष्यात कधी मैदानावर पाऊल ठेवलेले नसते. त्याने फक्त तिकीट काढलेले असते, गळ्यात क्लबचा स्कार्फ घातलेला असतो. चाहत्याच्या मृत्यूचा शोक इतर चाहते कसा पाळतात? या प्रथा आल्या कुठून? कोलकात्यात १६ ऑगस्टला काय घडले होते? आणि नाशिकसारख्या, फुटबॉलपेक्षा कुंभमेळ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराला यातून काय घेण्यासारखे आहे?

चाहत्याचा मृत्यू ‘घरचा’ का वाटतो?

चित्रपटाला एकत्र बसलेले प्रेक्षक बाहेर पडले की एकमेकांना विसरतात. फुटबॉलच्या प्रेक्षकांचे तसे नसते. क्लबचा नेहमीचा चाहता वर्षानुवर्षे त्याच स्टँडमध्ये, बहुधा त्याच खुर्चीवर येऊन बसतो. शेजारच्याचे आडनाव त्याला ठाऊक नसेल, पण तो कुठल्या गोलला रडला होता हे पक्के आठवत असते. त्यामुळे एखाद्या रविवारी ती खुर्ची रिकामी दिसली, तर ते लक्षात येते.

महाराष्ट्रात हे नाते समजून घ्यायचे तर कोल्हापूरकडे पाहावे. तिथले फुटबॉल संघ तालमी आणि मंडळांचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमी किंवा शिवाजी तरुण मंडळ ही नावे कोणत्या ना कोणत्या पेठेशी जोडलेली आहेत. शाहू स्टेडियमवर संघाच्या नावाने ओरडणारा माणूस त्याच तालमीच्या गणपतीत वर्गणी गोळा करतो. अशा ठिकाणी ‘क्लबचा चाहता गेला’ आणि ‘गल्लीतला माणूस गेला’ या दोन वेगळ्या बातम्या नसतात. चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो आणि खांदा द्यायला मंडळाची मुले असतात.

युरोप-दक्षिण अमेरिकेतले मोठे क्लबही मुळात असेच उभे राहिले. कारखाना, बंदर, चर्च किंवा मोहल्ला यांच्याभोवती संघ तयार झाला आणि पुढे जगभर पसरला. क्लब कितीही श्रीमंत झाला तरी चाहत्यांच्या शोकाची रीत मोहल्ल्याचीच राहिली.

रूढ प्रथा कोणत्या?

सर्वांत जुनी आणि सर्वत्र आढळणारी प्रथा म्हणजे मिनिटभराचे मौन. खेळाडू दंडावर काळी फीत बांधतात. मात्र हजारो लोकांना गप्प ठेवणे अवघड असते. एखाद्याने आरडाओरडा केला तरी मौन मोडते. ब्रिटनमध्ये २००५ साली जॉर्ज बेस्ट या खेळाडूच्या निधनानंतर मौनाऐवजी मिनिटभर टाळ्या वाजवण्याची प्रथा रुळली. गेलेल्या माणसाच्या आयुष्याला दिलेली दाद, असा या टाळ्यांचा अर्थ घेतला जातो.

सामान्य चाहत्यासाठी यापेक्षा जवळची वाटणारी प्रथा म्हणजे ‘वयाचे मिनिट’. चाहता ४३ व्या वर्षी गेला असेल, तर घड्याळात ४३ वे मिनिट लागताच सारे स्टँड उभे राहून टाळ्या वाजवते. खेळ थांबत नाही. यासाठी क्लबची परवानगी लागत नाही की कुणाच्या भाषणाची गरज नसते. गेलेल्याचे नाव आणि वय चाहत्यांपर्यंत पोहोचले की पुरते. याशिवाय रिकाम्या खुर्चीवर स्कार्फ ठेवणे, स्टेडियमच्या फाटकाला फुले आणि जर्सी बांधणे, स्टँडमध्ये मोठे चित्र उलगडणे हेही केले जाते.

या साऱ्या प्रथा एकत्र दिसल्या त्या ब्रॅडली लोवरी या इंग्लिश मुलाच्या बाबतीत. सन्डरलंडचा हा छोटा चाहता न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाने आजारी होता. सप्टेंबर २०१६ मध्ये सन्डरलंड-एव्हर्टन सामन्यात, तो पाच वर्षांचा असल्यामुळे, पाचव्या मिनिटाला दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. प्रतिस्पर्धी एव्हर्टन क्लबने त्याच्या उपचारांसाठी दोन लाख पौंड दिले. ७ जुलै २०१७ रोजी, सहा वर्षांचा असताना तो गेला. अंत्ययात्रेला लोक काळ्या कपड्यांऐवजी आपापल्या क्लबच्या जर्सी घालून आले होते आणि त्या एकाच क्लबच्या नव्हत्या.

अस्थी मैदानावर विसर्जित करतात, हे खरे आहे का?

हो. नाशिकच्या रामकुंडावर देशभरातून लोक अस्थिविसर्जनासाठी येतात. ज्या ठिकाणाशी श्रद्धा जोडलेली आहे तिथे शेवटचे पोहोचावे, ही इच्छा त्यामागे असते. इंग्लंडमधल्या अनेक चाहत्यांची तीच इच्छा आपल्या क्लबच्या मैदानाबाबत असते. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबच्या गुडिसन पार्कवर मैदानाच्या कडेने सुमारे ८०० चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. जागा उरली नाही म्हणून २००४ पासून क्लबने नव्या विनंत्या घेणे बंद केले. २०२५ मध्ये एव्हर्टनचा पुरुष संघ नव्या स्टेडियमवर गेला, तेव्हा गुडिसन मात्र पाडले नाही; ते क्लबच्या महिला संघाचे घर झाले.

अस्थींच्या राखेने गवत खराब होते, म्हणून अनेक क्लब आता मैदानावर राख टाकू देत नाहीत. त्याऐवजी स्टेडियमच्या आवारात स्मृतिबाग करतात. अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सने २००६ मध्ये आपल्या चाहत्यांसाठी दफनभूमीची व्यवस्था केली. जर्मनीत हॅम्बुर्गने २००८ मध्ये आणि शाल्केने २०१२ मध्ये तेच केले. शाल्केच्या दफनभूमीची रचना स्टेडियमसारखी असून तिथे १९०४ कबरींची जागा आहे, कारण क्लबची स्थापना १९०४ सालची आहे.

फातोर्ड्याच्या वाटेवर काय घडले?

आपल्या जवळची अलीकडची घटना गोव्याशी जोडलेली आहे. २० मार्च २०२२ रोजी मडगावजवळच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता : हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. कोविडमुळे आधीचा काळ सामने रिकाम्या स्टेडियमवर झाले होते. अंतिम सामन्याला प्रेक्षकांना प्रवेश मिळणार म्हटल्यावर केरळमधून हजारो चाहते मिळेल त्या वाहनाने गोव्याकडे निघाले. मलप्पुरम जिल्ह्यातले दोन तरुण मोटारसायकलवर निघाले होते. कासरगोड जिल्ह्यात उदुमा येथे त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि दोघांचा मृत्यू झाला.

ही बातमी सामन्याआधीच पसरली. क्लबने शोकसंदेश दिला. संध्याकाळी फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये पिवळ्या जर्सी घालून बसलेल्यांपैकी अनेकांनी आदल्या रात्री तसाच लांबचा रस्ता कापला होता. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. पेनल्टी शूटआऊटमध्ये हैदराबादचा गोलरक्षक, गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन फटके अडवले आणि ब्लास्टर्स तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात हरले. पण त्या दिवसाची आठवण सांगताना केरळचे चाहते फक्त हरल्याची गोष्ट सांगत नाहीत, न पोहोचलेल्या दोघांचीही सांगतात.

१६ ऑगस्ट हा ‘फुटबॉलप्रेमी दिन’ कसा झाला?

भारतीय फुटबॉलमधला सर्वांत मोठा सामूहिक शोक १६ ऑगस्ट १९८० चा. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कोलकाता लीगचा मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल हा सामना होता. ईडन हे मुळात क्रिकेटचे मैदान, पण सॉल्ट लेक स्टेडियम तोपर्यंत झालेले नव्हते. ते १९८४ मध्ये सुरू झाले. मोठ्या गर्दीचे फुटबॉल सामने त्यामुळे ईडनवर घेतले जात. एरवी दोन संघांचे समर्थक वेगवेगळ्या गॅलरीत बसत. त्या दिवशी मात्र ते एकाच स्टँडमध्ये मिसळले होते.

दुसऱ्या सत्रात मोहन बागानचा बिदेश बोस आणि ईस्ट बंगालचा दिलीप पालित यांच्यात मैदानावर झटापट झाली. ती ठिणगी स्टँडमध्ये पोहोचली. मारामारी आणि दगडफेक सुरू झाली. जीव वाचवायला लोक चिंचोळ्या जिन्यांकडे धावले, काहींनी वरून उड्या मारल्या, बरेच जण पायाखाली आले. १६ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. त्यात दोन्ही संघांचे समर्थक होते. त्या वर्षीची लीग पूर्ण झालीच नाही.

तेव्हापासून १६ ऑगस्ट हा दिवस बंगालमध्ये ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळला जातो. बंगालमधल्या फुटबॉलची संघटना असलेली इंडियन फुटबॉल असोसिएशन या दिवशी रक्तदान शिबिर भरवते. स्टँडमध्ये सांडलेल्या रक्ताची आठवण कुणाला तरी रक्त देऊन जपायची, ही कल्पना साधी आणि थेट आहे. मन्ना डे यांनी या दुर्घटनेवर गायलेले गाणे बंगालमध्ये आजही ऐकले जाते. २०२१ पासून पश्चिम बंगाल सरकार याच तारखेला ‘खेला होबे दिवस’ पाळते. त्याला राजकीय रंग आहे आणि त्यावरून वादही झाला. फुटबॉलवाल्यांसाठी मात्र ही तारीख त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून १६ नावांची आहे.

शोक पाळल्याने काही बदलते का?

बदलू शकते, पण सहज नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले. आत शिरलेले लोक एका बोगद्यातून आधीच भरलेल्या, लोखंडी जाळ्यांनी बंद केलेल्या भागात ढकलले गेले. पुढे जाळी, मागून रेटा. सामना सहा मिनिटांत थांबवावा लागला. या दुर्घटनेतल्या मृतांचा आकडा आज ९७ आहे; त्यातला शेवटचा माणूस त्या दिवशी झालेल्या इजांमुळे तब्बल ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये गेला.

पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला : ते दारू पिऊन आले होते, उशिरा आले, घुसले. मृतांच्या रक्तातल्या अल्कोहोलची तपासणी केली गेली. मृतांमध्ये दहा वर्षांचा मुलगाही होता. ‘द सन’ या वृत्तपत्राने चाहत्यांनी मृतांचे खिसे कापल्याच्या खोट्या बातम्या पहिल्या पानावर छापल्या. लिव्हरपूलमध्ये त्या वृत्तपत्रावरचा बहिष्कार आजही चालू आहे.

दुर्घटनेनंतरच्या आठवड्यात लिव्हरपूलचे मैदान फुलांनी झाकून गेले. शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी एव्हर्टन. त्याच्या गुडिसन पार्कपासून लिव्हरपूलच्या अॅनफील्डपर्यंत सुमारे मैलभर निळे आणि लाल स्कार्फ एकमेकांना बांधून माळ केली गेली. हा भाग बातम्यांत दिसला. न दिसलेला भाग पुढची सत्तावीस वर्षे चालला. दर १५ एप्रिलला स्मरणसभा व्हायची आणि मृतांची नावे एकेक करून वाचली जायची. ‘९७ जणांचा मृत्यू’ हे वाक्य एका श्वासात संपते. ९७ नावे वाचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ऐकणाऱ्याला उभे राहावे लागते. त्याच सभांमधून कुटुंबांनी ‘न्याय’ हा शब्द धरून ठेवला.

१९९१ मध्ये मृत्यू-चौकशीने ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल दिला होता. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दडवलेली कागदपत्रे समोर आणली, तेव्हा तो रद्द झाला. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने स्पष्ट केले की मृत्यू बेकायदेशीर कृतीमुळे झाले आणि दोष चाहत्यांचा नव्हता. दरम्यान टेलर अहवालानंतर इंग्लंडमधल्या मोठ्या स्टेडियममधल्या लोखंडी जाळ्या निघाल्या आणि वरच्या श्रेणीतल्या क्लबांना प्रत्येक प्रेक्षकासाठी खुर्ची ठेवणे सक्तीचे झाले. आज इंग्लंडमध्ये सामना पाहणाऱ्याची सुरक्षा या ९७ जणांच्या नावावर उभी आहे.

प्रतिस्पर्धी खरेच एकत्र येतात का?

बहुतेकदा येतात, नेहमी नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलांग शहरात अरेमा क्लब सुराबायाच्या पर्सेबायाकडून हरला. चाहते मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या आणि बाहेर पडण्याच्या फाटकांपाशी चेंगराचेंगरी होऊन १३५ जण मेले. मैदानालगत अश्रुधूर वापरू नये, असे फिफाचे सुरक्षानियम सांगतात. या दोन क्लबांचे वैर इतके तीव्र की पाहुण्या संघाच्या चाहत्यांना त्या सामन्याला येऊ दिले नव्हते. तरीही सुराबायात पर्सेबायाच्या चाहत्यांनी मलांगच्या मृतांसाठी प्रार्थना केल्या. पुढे स्टेडियम नव्याने बांधताना १३ क्रमांकाचे फाटक स्मारक म्हणून राखून ठेवले गेले.

दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये समोरच्या क्लबच्या दुर्घटनेवरून चिडवणारी गाणी म्हणणारे प्रेक्षक असतात. आता त्यावर गुन्हा दाखल होतो आणि स्टेडियमबंदी येते. २०२३ मध्ये शेफील्ड वेन्स्डेच्या एका चाहत्याने ब्रॅडली लोवरीचा फोटो दाखवून सन्डरलंडच्या लोकांना डिवचले. त्याच्यावर खटला चालला. शेफील्ड वेन्स्डेच्या इतर चाहत्यांनी ब्रॅडलीच्या नावाने चालणाऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा केले. आपल्यातल्या एकाने केलेल्या चुकीची भरपाई बाकीच्यांनी करायची, हीसुद्धा चाहत्यांच्या शोकाची एक रीत आहे.

नाशिकला याच्याशी काय देणेघेणे?

नाशिकमध्ये ईडन गार्डन्स नाही, पण नाशिकने गर्दीतला मृत्यू पाहिला आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. ईडन आणि हिल्सबरोची घटना तपशिलात वेगळी असली, तरी मरणाचे गणित तेच आहे : अरुंद वाट, पुढे अडथळा आणि मागून येणाऱ्यांना पुढे काय झाले हे न कळणे. अशा गर्दीत माणसे बहुधा तुडवली जाऊन नव्हे, तर छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने मरतात. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवाला आलेले ११ चाहते गेले, तेव्हाही पुन्हा हेच दिसले.

फरक पडतो तो नंतर. यात्रेला आलेली माणसे वेगवेगळ्या गावांची असतात. दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या घरी जातो आणि प्रत्येक घर आपापला शोक वेगळा करते. दहावे, तेरावे होते, वर्षश्राद्ध होते, पण ते त्या घरापुरते राहते. फुटबॉलचा चाहता मात्र पुढच्या रविवारी पुन्हा त्याच स्टँडमध्ये येतो. तिथे शेजारची रिकामी खुर्ची असते, ठरलेली तारीख असते, नावांची यादी असते. म्हणून तिथला शोक एका घराचा न राहता सगळ्यांचा होतो आणि ‘हे का घडले’ हा प्रश्न विचारणारा कोणीतरी दरवर्षी हजर असतो.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये पुन्हा कोट्यवधी पावले येतील. रस्ते, घाट, पूल, कॅमेरे यांची चर्चा होईल, ती हवीच. त्या चर्चेत २००३ च्या ३९ जणांचा उल्लेख केवळ ‘मागील दुर्घटना’ असा एका ओळीत न होता, ती माणसे कोणत्या वाटेवर, कशामुळे अडकली या तपशिलासह व्हायला हवा. कोलकात्याने १६ नावांसाठी वर्षातला एक दिवस आणि रक्ताच्या काही पिशव्या राखून ठेवल्या आहेत. लिव्हरपूलने ९७ हा आकडा खेळाडूंच्या जर्सीवर, मानेच्या मागच्या बाजूला विणला आहे. २७ ऑगस्ट ही तारीख नाशिकच्या पंचांगात आधीपासून आहे. तिच्यापुढे ३९ नावे लिहिणे एवढेच बाकी आहे.